झडीतली बाग

नागपूरचा पाऊस पूर्वेकडून येतो. शाळेच्या पुस्तकातला पाऊस मात्र कायम कोकणातला असायचा: समुद्र, घाट, कौलारू घरं, नारळाच्या झावळ्या. आमच्याकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार व्हावा लागतो, तो ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून सरकावा लागतो, तेव्हा कुठे आभाळ काळं होतं. पुण्याहून कुणी फोन करून पावसाचं विचारलं, तर आम्ही आधी रायपूरला काय चाललंय ते बघतो. वर्षाकाठी 1100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यातला पुष्कळसा झडीच्या दिवसांत पडतो. झड लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, काडेपेटीची काडी पेटत नाही. अशा वेळी बागेत जायचं तर चपला पायरीवर काढून ठेवाव्यात. आत नेलेली चप्पल आमची माती सहसा परत करत नाही.

ही माती काळी, कपाशीची. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं, वर नुसता वास उरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पडलेलं पाणी खाली जायला तयार नसतं, जिथल्या तिथे उभं राहतं. या फुगण्या-आक्रसण्यामुळे आमच्या भागात बिनतडकलेली कंपाउंडची भिंत शोधावी लागते. घराचा पाया मुरमापर्यंत नेतात. भिंतीसाठी तेवढा खर्च कोण करणार? आणि बागेला तर पायाच नसतो. तेव्हा इथल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. मेमध्ये जळायचं नाही आणि ऑगस्टमध्ये कुजायचं नाही. पहिलीत पाईपाच्या पाण्यानं कॉपी करता येते, दुसरीत येत नाही. म्हणून बाग पाहायची तर ऑगस्टात पाहावी, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. डिसेंबरात डेलिया आणि शेवंती कुणाच्याही घरी फुलते.

फाटकापाशी पारिजातक आहे. तो भिंतीच्या आत लावलेला असला तरी फुलं बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्यावर आमच्यापेक्षा पहाटे फिरायला निघालेल्यांचा हक्क जास्त. जास्वंदीचं तसं नाही. तिच्यासाठी आकडी लावलेली काठी आणावी लागते आणि ती निवृत्त मंडळी घेऊनच येतात. देवाला वाहायचं फूल चोरीचं ठरत नाही, हा नियम नागपुरातही पाळला जातो.

फाटकाखाली दोन विटांचा उंबरा दिसेल. तो पूर्वी नव्हता. शहरातले रस्ते सिमेंटचे झाले, ते बऱ्याच ठिकाणी जुन्या रस्त्यावरच चढत गेले आणि कित्येक जुन्या लेआउटमधली अंगणं रस्त्यापेक्षा खाली राहिली. आमचंही. पूर्वी बागेतलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं पाणी बागेत येतं आणि येताना पिशव्या, पाऊचं आणि एकदा तर कुणाच्या तरी चांगल्या नव्या रबरी सपाता घेऊन आलं. हे अर्थात किरकोळ. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री जो पाऊस झाला, त्यात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत गाळ शिरला. तिकडच्या ओळखीच्यांच्या कुंड्या तरंगत तिसऱ्या घरी पोचल्या होत्या. पाणी ओसरल्यावर कुणाची कुंडी कोणती, याचा निवाडा झाडावरून करावा लागला.

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला संत्रा. नागपूरकराच्या घरी संत्र्याचं झाड असणारच, असं बाहेरगावचे पाहुणे धरून चालतात आणि त्यांचा हिरमोड नको म्हणून पुष्कळांनी ते लावलेलं असतं. हे फळ भोसल्यांच्या काळात इथे आलं असं सांगतात. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते नाव कमावलं काटोल, नरखेड, वरुडकडच्या बागांनी. शहरातल्या अंगणांचा त्यात वाटा नाही. तिकडचा शेतकरी मृग बहार धरायचा असला की उन्हाळ्यात पाणी तोडतो, पानं मलूल होईपर्यंत झाडाला ताण देतो. मग मृगाचा पाऊस पडला की झाड फुलांनी लदबदतं आणि फेब्रुवारी-मार्चात फळ हाती येतं. घरच्या झाडाला हे कोण करू देईल? संध्याकाळी कुणीतरी कळवळून पाईप लावतंच. त्यामुळे घरचं झाड बारा महिने हिरवंगार असतं आणि फळं मोजायला एक हात पुरतो.

पावसाळ्यात लाडाची तऱ्हा बदलते. बुंध्याशी मातीची भर, त्यावर शेणखत, भोवती विटांचं छान गोल आळं. दिसायला देखणं, पण संत्र्याला नेमकं हेच सोसत नाही. कलमाचा जोड मातीत गाडला गेला आणि आळ्यात पाणी साचलं की सालीतून डिंक ओघळायला लागतो. डिंक्या एकदा लागला की मुळं आतून कुजत जातात आणि पानं पिवळी पडेपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, 1985 पासून. तिथे विचारा की संत्र्याच्या पिढ्या पाहिलेल्या माळ्याला विचारा, सांगणं सारखंच: बुंधा उघडा ठेवा, पाणी बाहेर काढा, बोर्डो मलम लावा. आमचं झाड उंच वरंब्यावर आहे आणि त्याच्याभोवती चर खणलेला आहे. पाहुण्यांना तो आवडत नाही. झाडाला आवडतो.

गॅलरीखाली, पाऊस थेट लागणार नाही अशा जागी ब्रह्मकमळाची कुंडी. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. हे मेक्सिकोकडचं निवडुंग, पानासारख्या चपट्या फांदीलाच फूल येणारं. हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी जुलै-ऑगस्टात कळी मान वर करू लागली की शेजारी निरोप जातो, रात्री दहा-अकराला पाच-सात माणसं छत्र्या घेऊन जमतात, हळदकुंकू वाहिलं जातं, फोटो काढले जातात आणि कुणीतरी बारीक आवाजात विचारतं, "एक पान द्याल का जी लावायला?" अर्ध्या लेआउटमधली ब्रह्मकमळं अशीच एकमेकांची नातलग आहेत.

कुंडीशेजारी जुन्या कुलरची टाकी. नागपूरच्या घरात कुलर आठ-दहा वर्षं टिकतो, त्याची टाकी त्याच्याही पुढे जगते. त्यात कुमुदिनी आहे आणि डेंग्यूच्या डासांसाठी गप्पी मासे. यंदाचा चालू कुलर मात्र झाकून ठेवलेला, खिडकीतून काढायचा आहे. तो काढला की उकडतं, आणि उकडलं म्हणून लावला की घर ओलं होतं. ऑक्टोबर संपेपर्यंत हा प्रश्न सुटत नाही.

इथेच लिंबाच्या झाडावर शिंपी पक्ष्यानं दोन पानं शिवून घरटं केलंय, आत कापूस भरलेला. समोरच्या तारेवर सातभाईंचा कलकलाट, त्यांच्यात एक पोर वेगळंच, काळं-पांढरं, शेंडीवालं. ते चातकाचं. चातक पावसाच्या थेंबावर जगतो असं आपण ऐकत आलो; प्रत्यक्षात तो मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो, सुरवंट खातो आणि आपली निळी अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत ठेवून मोकळा होतो. सातभाई मिळून सगळे त्या पोराला भरवतात. एरवी कुत्रं दिसलं तरी आकाशपाताळ एक करणारी ही जमात इथे मात्र चकार शब्द काढत नाही.

आता मागची बाजू. इथे आपण लावलेलं थोडं आणि आपोआप आलेलं जास्त. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दोन-चार दिवस मखमली लाल किडे दिसले होते, ते गेले. मग तरोटा आला. केना आला, आघाडा आला, लव्हाळा तर कधी गेलाच नव्हता. गाजरगवत दिसेल तिथे उपटायचं, त्याबद्दल दुमत नाही. बाकीच्यांबद्दल आहे. माळ्याला सगळं साफ हवं असतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई विळ्याच्या आवाजानं धावत येतात. "कायले फेकता जी? कवळा हाये तो. मले द्या, भाजी करतो." तरोटा कोवळा आहे तोवरच भाजीचा, त्याची पानं जून होण्याआधी, लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीत, ज्वारीच्या भाकरीबरोबर. मी तर म्हणेन की पावसाळ्यातली या बागेची खरी पैदास तीच, आणि तिच्यासाठी कुणी कुदळसुद्धा मारलेली नाही. आघाड्यावरूनही दरवर्षी वाद. माळी म्हणतो काढतो, घरातून उत्तर येतं, गणपतीपर्यंत राहू दे. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या बाजारात पत्रीच्या जुडीला जो भाव असतो तो ज्यानं दिलाय, त्याला या थांबण्याचा अर्थ कळेल. त्यानंतर आघाड्याला विचारणारं कुणी नसतं आणि माळ्याचा विळा चालतो.

मोरीचं पाणी जातं तिथे धोपा, म्हणजे अळू. त्याला दोन्ही परीक्षा माफ आहेत; मेमध्ये तो जमिनीखाली गड्डा होऊन पडून राहतो आणि चिखल झाला की हत्तीच्या कानाएवढी पानं काढतो. मांडवावर दोडके, कुंपणावर कोहळ्याचा वेल, भिंतीलगत मुनगा, गोडनिंब, दोन रांगा भेंडी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र झडीत सडला, तो यंदाही विकतच.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. आठवडाभर आधीपासून गल्लीत देवघेव सुरू होते. आमचा धोपा दोन घरी जातो, समोरच्या काकूंकडून वालाच्या शेंगा येतात, कोहळं चौघांत वाटलं जातं. कागदावर यादी करून मोजत बसलं तर अकरा-बारापर्यंत सहज पोचतो, कुणी आठवण केली तर केन्याचीही पानं धरतात. तेरावी आणि चौदावीवर घासाघीस होते. उरलेल्या भाज्यांसाठी पूजेच्या आदल्या संध्याकाळी, भर पावसात, कुणीतरी पिशवी घेऊन गोकुळपेठच्या बाजारात जातंच, आणि त्या दिवशी भाजीवाला सांगेल तो भाव देऊन येतं.