पहिल्या पानावर काय काढायचं?

३ जून
मजकूर हातात आला. जगाच्या जन्माच्या कथा, तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी. लेखिकेनं कुठेही ‘बाळांनो’ म्हटलेलं नाही, गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवलेलं नाही. एवढ्यावरच मी चित्रं करायला होकार दिला असता. संपादकबाईंच्या मात्र दोन अटी आहेत. “ताई, देवांच्या बाबतीत जरा जपून. आणि पहिलं पान कोरं नको. दुकानात पालक पुस्तक चाळतात, कोरं पान दिसलं की छपाई बिघडली असं समजतात.”
आणि पहिलीच कथा नासदीय सूक्ताची.

५ जून
ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, सातच ऋचा. माझ्या पिढीच्या कानावर ते दूरदर्शनमुळे पडलं. १९८८मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली, तिच्या सुरुवातीला वसंत देवांनी केलेलं हिंदी रूप असायचं. तेव्हा अर्थ फारसा कळत नव्हता, पण सगळे गप्प बसून ऐकायचे.
आता तेच चितारायचं म्हणजे पंचाईत आहे. सत् नाही, असत् नाही, आकाश नाही, मरण नाही, अंधार अंधारानेच झाकलेला. ‘नाही’ काढायचं कसं? काळा रंग फासला की तिथे काळं काहीतरी असतंच. दुपारभर निळसर काळा, तपकिरी काळा असे तुकडे रंगवून भिंतीला लावले. सगळे रात्रीसारखे दिसतात. रात्र म्हणजे उद्या सकाळ होणार, हे मुलांना ठाऊक असतं. इथे उद्याही नाही.

६ जून
प्रेसमध्ये जाऊन आले. मॅट काळ्या पानावर त्याच जागी चकचकीत वार्निशचे लाटांसारखे वळसे द्यायचे. समोरून पाहिलं तर नुसतं काळं. पान उजेडात तिरकं धरलं की त्या काळ्यात दुसरं काळं हलतं. प्रेसवाले म्हणाले, होईल, पण खर्च वाढेल. संपादकबाईंना अजून सांगितलेलं नाही.
शेवटच्या ऋचेवरून मात्र फोनवर वाद झाला. हे सगळं कुठून आलं ते वर बसून पाहणाऱ्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल, असा तो शेवट. बाई म्हणतात, मुलं गोंधळतील, गाळू या. मी म्हटलं, मग कथाच गाळा. त्या शेवटाशिवाय सूक्तात उरतं काय? अंधाराचं वर्णन! हजारो वर्षं लोकांनी ‘कदाचित’ हा शब्द पाठ करून जपला आणि तो आपण चौथीच्या मुलापासून लपवायचा, हे मला पटत नाही.

१० जून
उत्पत्तीची कथा, बायबलमधली. पहिल्या दिवशी उजेड, सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी. बाजारातली रंगीत पुस्तकं उघडली तर पहिल्याच पानावर सूर्य किरणं फेकत हजर. ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, तरी हात सवयीनं सूर्याकडेच जातो.
मी एक नियम केला. चौथ्या दिवसापर्यंत कशालाही सावली नाही. तिसऱ्या दिवशी गवत उगवतं, झाडं उभी राहतात, पण बुंध्याशी काळा डाग नाही, एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असंही नाही. सगळीकडे सारखा उजेड. काढायला फार कठीण. झाडं कागदाची कापून चिकटवल्यासारखी दिसतात. तशीच राहू दिली. चौथ्या दिवशी पान उलटलं की तीच झाडं, तीच जागा, आणि प्रत्येक झाडाला आपली सावली फुटलेली. मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.
त्या मनाईच्या झाडाचं फळ सफरचंद करायचं नाही. ग्रंथात फळाचं नाव नाही, सफरचंद युरोपातल्या चित्रकारांनी रूढ केलं. हीच कथा फादर स्टीफन्सनं गोव्यात बसून मराठी ओव्यांत सांगितली; त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. ज्या कोकणात ती ऐकली गेली, तिथल्या पोरांनी सफरचंद कशाला डोळ्यांसमोर आणलं असेल? मी पानाआड अर्धं झाकलेलं, नाव न सांगता येणारं फळ काढलं.

१३ जून
कुराणातल्या कथेचं काम झटकन झालं. आदमचा चेहरा काढायचा नाही हे आधीच ठरलं होतं. आकाश, डोंगर, पाणी, माती, एवढंच. खरं सांगायचं तर संचातलं सगळ्यात मोकळं पान तेच झालंय. माणूस नसला की चित्रात वारा खेळतो.

१७ जून
शेषशायी विष्णू, नाभीतून कमळ, कमळात ब्रह्मदेव. मी ब्रह्मदेवाला तरुण काढलं, दाढीशिवाय, जरा भांबावलेला. डोळे उघडले तर चहूकडे पाणी, आपण कुठून आलो ते माहीत नाही. असा माणूस भांबावणारच. भाचीच्या मुलीनं कच्चं रेखाटन पाहून निकाल दिला, “हा ब्रह्मदेव नाहीये.” “का गं?” “असा नसतो.” कसा असतो? तर कॅलेंडरवर असतो तसा. पांढरी दाढी, मुकुट.
राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेले देव घरोघरी भिंतींवर गेले, मग काडेपेट्यांवर, कॅलेंडरांवर. मुलीचं वय नऊ आणि तिच्या मनातला ब्रह्मदेव सव्वाशे वर्षांचा. चित्राची ताकद म्हणायची की दहशत? मी दाढी दिली नाही. चार तोंडं मात्र ठेवली, कारण चार दिशांना बावरून बघायला ती उपयोगी पडतात.

२४ जून
गोंडांची कथा. संचातली माझी सर्वांत आवडती. बडादेव कमळाच्या पानावर बसलाय, खाली सगळं पाणी. तो अंगाच्या मळाचा कावळा करतो आणि त्याला माती शोधायला धाडतो. कावळा उडून उडून थकतो, पाण्यावर आलेल्या एका खुंटावर टेकतो, तर तो खुंट म्हणजे खेकड्याची नांगी! मग खेकडा तळाशी जातो. तिथे गांडुळानं माती गिळून ठेवलेली. त्याला दाबून ती ओकायला लावतात, कोळी पाण्यावर जाळं विणतो आणि त्या जाळ्यावर माती पसरतात. याची रूपं बरीच आहेत, आमच्याकडे हे आलंय. वराह दातांवर पृथ्वी उचलून आणतो ते भव्य खरंच, पण इथे जगाचं काम कावळा, खेकडा, गांडूळ आणि कोळी यांच्या अंगावर पडतं.
कामाच्या कागदावर मात्र ‘गोंड शैलीत’ असं लिहिलंय. मी करणार नाही. मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढसिंह श्यामनं १९८०च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. तो परधान, म्हणजे बाना वाजवून बडादेवाची गाणी गाणाऱ्यांतला. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येक चित्रकाराची आकार भरायची तऱ्हा वेगळी आहे. कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा, कुणाच्या चंद्रकोरी. जाणकार त्यावरून हात ओळखतात. मी ठिपके मारले तर ती दुसऱ्याच्या सहीची नक्कल होईल. जनगढसिंहाचा पुतण्या भज्जू श्याम यानं ‘तारा बुक्स’साठी जन्मकथांचं अख्खं पुस्तक केलंय, मग ही कथा एखाद्या परधान चित्रकाराकडून करून घ्यायला आम्हालाच काय अडचण आहे? संपादकबाई म्हणाल्या, बजेट. मी म्हटलं, या कथेचे माझे पैसे तिकडे वळवा. त्या ‘बघते’ म्हणाल्या. म्हणजे बघतील.

२ जुलै
वाचनालयात मुलांना मजकूर वाचून दाखवला. नासदीय सूक्ताला कुणी गोंधळलं नाही. गांडुळाच्या ओकारीला हशा. मग मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “पण गांडुळानं गिळली म्हणजे माती आधीच होती ना? ती कुणी केली?” दुसरी म्हणाली, “आणि पाणी?” लेखिका शेजारीच बसली होती. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी तिचा पदर ओढला.

८ जुलै
बघितलं! भोपाळच्या एका परधान चित्रकाराशी बोलणं झालं. नाव मुखपृष्ठावर येईल, आत बारीक अक्षरात नाही.
आता भांडण अनुक्रमणिकेचं. बाईंनी दोन भाग पाडलेत, ‘धर्मग्रंथांतील कथा’ आणि ‘आदिवासी लोककथा’. बडादेव गोंडांचा देव आहे, त्याची पूजा होते. मग त्याची कथा खालच्या खणात का? पोथी नाही म्हणून? वेदसुद्धा कितीतरी शतकं तोंडीच होते. गडचिरोलीतल्या एखाद्या गोंड मुलीच्या हातात हे पुस्तक पडेल, तेव्हा तिला काय दिसेल? व्हर्जिनिया हॅमिल्टनच्या १९८८च्या संग्रहात पंचवीस कथा आहेत, प्रत्येक कथेनंतर ती कुणाची आणि कुठली याचं टिपण. आम्हीही तेच करावं, असं मी लिहून पाठवलं. वाचनालयातला प्रश्नही कळवला, आणि सुचवलं की नासदीय सूक्ताच्या लगेच पुढे गांडूळ येऊ द्या.

११ जुलै
बाईंचा निरोप आला. यादी एकच, भाग नाहीत. गांडूळ दुसऱ्या क्रमांकावर. वार्निशचा खर्च मात्र अर्धा माझ्या मानधनातून कापणार म्हणे. त्यावर उद्या फोन करून भांडते.