सोन्याचा सांधा आणि कथलाची कल्हई

नाशिकच्या रविवार कारंजाकडून गोदावरीच्या बाजूला उतरू लागले की सराफ बाजार लागतो आणि त्याच्या शेजारीच भांडी बाजार. एकीकडे सोने तोलले जाते, दुसरीकडे तांबे-पितळ. नदीला मोठा पूर आला की दोन्ही बाजारांत पाणी शिरते. ऑगस्ट २०१६ मध्ये शिरले, ऑगस्ट २०१९ मध्येही. मोगल काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. जुन्या नाशकात तांबट लेन हे नाव आजही चालते.

आम्ही दोघी बहिणी या भागात गेलो त्या दोन कामांसाठी. एका पिशवीत अम्मींचे तांब्याचे पातेले होते. त्याची कल्हई उडाली होती, आतून लाल तांबे दिसू लागले होते. दुसऱ्या पिशवीत, कागदात गुंडाळलेला, दोन तुकडे झालेला चिनी मातीचा वाडगा. घरातल्या मुलींनी मोबाईलवर जपानी कारागीर फुटकी भांडी सोन्याने जोडताना पाहिले होते आणि ‘आपला वाडगाही तसाच जोडू या’ असा हट्ट धरला होता.

कल्हईवाल्या चाचांनी वाडगा पाहिला आणि परत कागदात ठेवला. “बेटा, मातीचे काम माझ्याकडे नाही. पातेले द्या.”

मग आम्ही बसून त्यांचे काम पाहिले. पातेले आधी वाळूने घासून स्वच्छ केले. कोळशाच्या भट्टीवर ते फिरवत फिरवत तापवले. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, एवढाच फरक. भांडे पुरेसे तापल्यावर नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला आणि तांब्यावरचा मळ सुटला. मग कथलाची कांडी आत टेकवली. कथील २३२ अंशांना वितळते, तांब्याला वितळायला हजाराच्या वर अंश लागतात. म्हणून भांडे शाबूत राहते आणि कथील पाण्यासारखे पसरते. चाचांनी कापसाच्या बोळ्याने ते भराभर फिरवले. बघता बघता लाल पातेले आतून चांदीसारखे पांढरे झाले.

ही शोभा नव्हे. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही, ताक, चिंच, टोमॅटो ठेवले की ते कळकते आणि पोटात गेले तर मळमळ, उलट्या होतात. लग्नाच्या बिर्याणीची देग असो की रोजचे पातेले, वापर चालू ठेवायचा तर कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते. भांडे टिकते ते त्याची काळजी घेणारे हात टिकले तरच.

आता वाडग्याकडे. जपानी भाषेत या कामाला ‘किन्त्सुगी’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा जोड. पण तुकडे सोने जोडत नाही. जोडतो तो ‘उरुशी’ नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. बिब्बा अंगावर उततो तसाच हा ओला चीकही उततो, म्हणून शिकणारे हातमोजे घालतात. चिकात गव्हाचे पीठ मळून त्याने तुकडे चिकटवतात आणि दमट पेटीत ठेवतात, कारण हा चीक कोरड्या उन्हात नव्हे तर दमट हवेत घट्ट होतो. मग फटी भरणे, घासणे, पुन्हा चिकाचा हात देणे. आणि अगदी शेवटी ओलसर रेषेवर सोन्याची भुकटी. यात आठवडे, कधी महिने जातात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा तयार डब्यांत मात्र चिकाऐवजी रासायनिक गोंद आणि सोनेरी रंगाची पूड असते. तसा जोडलेला वाडगा मांडणीत ठेवावा, त्यात सालन वाढू नये.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुना हिरवट चिनी वाडगा आहे. असे सांगितले जाते की पंधराव्या शतकात जपानचा सत्ताधीश आशिकागा योशिमासा याने तो तडकला म्हणून चीनला पाठवला आणि तसाच दुसरा मागवला. तसा दुसरा मिळाला नाही. तोच वाडगा धातूचे टाके मारून परत आला. ते टाके टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याला नावही टोळावरूनच पडले. टाक्यांमुळे त्याची किंमत कमी झाली नाही.

मुलींना हे सांगताना आम्हाला आपल्याच घरची गोष्ट आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लाकडी प्याला हजरत अनस (रजि.) यांच्याकडे होता. त्याला तडा गेला होता आणि तो चांदीने सांधलेला होता, असे सहीह बुखारीत आले आहे. त्याच वर्णनात पुढे आहे की प्याल्याला लोखंडाची कडी होती. ती काढून सोन्याची किंवा चांदीची बसवावी असे हजरत अनस यांच्या मनात आले. हजरत अबू तलहा (रजि.) यांनी अडवले: अल्लाहच्या प्रेषितांनी जे केले त्यात बदल करू नका. लोखंडाची कडी तशीच राहिली.

सोन्या-चांदीच्या भांड्यात खाणे-पिणे आपल्याला मना आहे, हे घरोघरी माहीत आहे. तडा सांधण्यापुरत्या थोड्या चांदीला फिकहच्या ग्रंथांत सवलत आढळते. सोन्याच्या बाबतीत उलमा अधिक कडक आहेत. ज्यांना सोन्याच्या रेघेचा वाडगा दस्तरखानावर आणायचा असेल त्यांनी आधी आपल्या आलिमांना विचारावे. पण उरुशीची जोड सोन्याशिवायही तितकीच पक्की असते. जपानमध्येही नुसत्या चिकाची, काळी किंवा तांबडी रेघ ठेवून भांडी सांधतात.

मुलींचा हट्ट आता ‘सोने लावा’ असा नाही, ‘वाडगा फेकू नका’ असा आहे. आम्हाला तो जास्त आवडला. लोखंडाची कडी, चांदीचा सांधा, कथलाची कल्हई, झाडाचा चीक: धातू कुठला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ही वस्तू आपल्या घरात अजून हवी आहे का?

वाचक भगिनींनो, माळ्यावर कल्हई उडालेले पातेले पडले असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा जुन्या बाजारात घेऊन जा. शुद्ध कथलाचीच कल्हई हवी असे बजावून सांगा, शिसे मिसळलेली नको. आणि मुलांना सोबत न्या. पांढरा धूर उठून लाल तांबे पांढरे होताना त्यांनी एकदा पाहिले, तर पुढे तेच तुम्हाला आठवण करून देतील की पातेल्याची कल्हई करायची राहिली आहे.