घटस्फोट झाला, तरी सहा महिने थांबा

विस्कॉन्सिनमधल्या आपल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. जरा लांब आहे, पण वाचा.

माझ्या एका मैत्रिणीचा घटस्फोट फेब्रुवारीत मिलवॉकीत झाला. चार वर्षं दोघं वेगळेच राहत होते, भांडायलाही काही उरलं नव्हतं. आता तिचं दुसरं लग्न ठरलंय. साताऱ्याला वडील आजारी, म्हणून घरच्यांनी अक्षय्य तृतीया धरली होती. पण इथला कायदा म्हणतो, घटस्फोटाच्या निकालानंतर सहा महिने दुसरं लग्न करायचं नाही. केलंत तर ते रद्दबातल.

"अगं, मग शिकागोला जाऊन करा ना!" हा सल्ला तिला सगळ्यांनी दिला. शिकागो दीड तासावर, आणि इलिनॉयमध्ये अशी अट नाही, हे खरंय. पण इथं राहणारा माणूस दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात जाऊन लग्न करून आला, तरी विस्कॉन्सिन ते मानत नाही. म्हणजे शिकागोही नाही आणि साताराही नाही. घटस्फोट दुसऱ्या राज्यात झालेला असला, तरी सहा महिने लागूच. उद्या विमा, वारसा, ग्रीन कार्ड यासाठी लग्न सिद्ध करायची वेळ आली तर काय दाखवणार?

थांबायला लावण्यात काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. रागाच्या भरात कुणी नवा संसार मांडू नये, हे पटतं. आपल्या हिंदू विवाह कायद्यातही अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. टेक्ससमध्ये ३० दिवस थांबतात, पण सबळ कारण असेल तर न्यायाधीश तेही माफ करतात. इथल्या न्यायाधीशांना तो अधिकारच नाही. कालच भांडून निघालेला आणि चार वर्षं वेगळी राहिलेली, दोघांना एकच माप. माझा आक्षेप एवढाच आहे.

ऑगस्टमध्ये मुदत संपेल तेव्हा चातुर्मास लागलेला असेल. तिची आई फोनवर म्हणाली, "मुहूर्त राहू दे. कागद चालेल तो दिवस शुभ. यांनी तेवढं बघायला हवं."

मी आमच्या भागातल्या राज्य विधानसभेच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलंय. तुम्हीही लिहा. आणि घरात असं लग्न ठरत असेल, तर विमानाची तिकिटं काढायच्या आधी निकालाची तारीख बघा.