गुपचूप वाढलेली नाइट

व्यावसायिक मराठी नाटकातल्या नटाला पगार नसतो, नाइट असते. प्रयोग झाला की पैसे, रद्द झाला की काही नाही. मध्यंतराच्या आसपास व्यवस्थापक मेकअपरूममध्ये येतो, पाकीट हातात ठेवतो आणि वहीवर सही घेतो. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात, इथे त्याच रात्री मिळतात. त्यामुळे नाटकवाला नट कमी पैशांतही खूश असतो. मीही होतो. सही करताना वरच्या-खालच्या ओळीतला आकडा वाचायचा नाही, हा शिष्टाचार मी वर्षानुवर्षं पाळला. निर्मात्याच्या इतक्या सोयीची दुसरी रीत मी तरी पाहिलेली नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली, ती निम्म्या खुर्च्यांवर. आमच्या निर्मात्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की सध्या नाइट तीस टक्के कमी घ्या, नाटक उभं राहू दे. आम्ही हो म्हणालो. मनापासून म्हणालो, कारण दीड वर्ष रंगमंचाचं तोंड पाहिलं नव्हतं आणि फुकटसुद्धा केलं असतं. ‘सध्या’ म्हणजे कधीपर्यंत, हे मात्र एकानंही विचारलं नाही. पुढे खुर्च्यांवरचं बंधन उठलं, तिकिटाचा दर वाढला, शनिवार-रविवारी हाउसफुल्लचा बोर्डही लागू लागला. नाइट होती तिथेच. त्याच काळात मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली होती, डोंबिवलीच्या घरमालकानं भाडं वाढवलं होतं आणि मुलीच्या शाळेनं फी. नाशिकच्या दौऱ्यात बसमध्ये हा विषय निघाला आणि आम्हा सहा नटांचं ठरलं की आता बोलायचं. कुणी बोलायचं? ‘तुझी जीभ चालते, तू जा,’ असं म्हणून मला पुढे केलं.

मी एकटा गेलो, इथेच पहिला घोळ झाला. निर्माते माणूस म्हणून वाईट नव्हते. चहा मागवला, माझ्यासमोर कागद ठेवला. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, बस, नेपथ्याचा टेम्पो, लेखकाचं मानधन. ‘तिकीट वाढवा ना,’ मी म्हणालो. त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे गेलं की अठरा टक्के. म्हणजे साडेपाचशेचं तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला साडेसहाशेच्या आसपास मोजावे लागणार. पाचशेला भिंत आहे, तिच्यावर डोकं आपटून काय उपयोग? हे खरंच आहे. पण त्या कागदावर खर्चाचीच बाजू होती, जमेची नव्हती, आणि ती दाखवा म्हणायचं मला सुचलं नाही. कागद संपल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. ‘अरे, तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला मी नाइटमागे पाचशे वाढवून देतो. बाकीच्यांना आत्ताच बोलू नकोस, त्यांचं पुढच्या महिन्यात बघतो.’

मी हो म्हणालो. घरी जाताना लोकलमध्ये मी महिन्याच्या प्रयोगांना पाचशेनं गुणत होतो, बाकीचे पाच जण मनात आलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, ‘पुढच्या महिन्यात बघतो म्हणालेत.’ वाक्य शब्दशः खरं होतं, त्यामुळे ते तोंडातून अगदी सहज गेलं.

पुढच्या महिन्यात कुणी काही बघितलं नाही. मग आमच्यातल्या एका ताईंनी मालिकेसाठी नाटक सोडलं आणि त्यांच्या जागी नवी मुलगी बदली म्हणून आली. पाठांतर चोख, चार तालमींत उभी राहिली. तिनं मला विचारलं, ‘दादा, इथे साधारण काय देतात? मी किती मागू?’ मी म्हणालो, ‘ते तू आणि निर्माते ठरवा, मी कसं सांगणार?’ खरं कारण वेगळं होतं. आकड्यांचा विषय निघाला असता, तर माझा आकडाही बाहेर आला असता. तिनं ताईंच्या निम्म्याहूनही कमी नाइट मान्य केली. त्यानंतर जो कुणी वाढ मागायला जाई, त्याला तिचा आकडा ऐकवला जाई: ती बघा, एवढ्यात आनंदानं काम करते. माझ्या पाचशे रुपयांपायी पाच जणांची मागणी मेली आणि नव्या मुलीची किंमत पडली, ती वेगळीच.

याहून मोठी चूक मला बराच काळ चूक वाटलीच नाही. बसमध्ये आम्ही ‘सगळे’ म्हणालो, तेव्हा त्या सगळ्यांत बॅकस्टेजचा एकही माणूस नव्हता. साडेचारच्या प्रयोगाला सकाळी येऊन नेपथ्य लावणारे, इस्त्री करणारे, ध्वनी-प्रकाश सांभाळणारे. रात्रीचा प्रयोग असेल तर सेट उतरवून टेम्पोत भरेपर्यंत त्यांची शेवटची लोकल गेलेली असते. आम्ही मेकअप पुसून साडेअकराला बाहेर पडतो. त्यांची नाइट आमच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि त्यातलीच काही टॅक्सीत जाते, नाहीतर स्टेशनावर पहाट काढावी लागते. ही माणसं दौऱ्यात माझ्याच बसमध्ये, मागच्या बाकांवर होती. ती सगळी चर्चा ऐकत असणार. त्यांना विचारावं असं आम्हा सहांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे मी जे केलं ते मराठी रंगभूमीच्या परंपरेला धरूनच होतं: मालकाशी पटत नाही ना, मग आपणच मालक व्हायचं. केशवराव भोसल्यांनी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी सोडून १९०८ साली ललितकलादर्श काढली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१८ साली त्याच किर्लोस्करमधून चिंतामणराव कोल्हटकर, दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे निघाले आणि बळवंत संगीत मंडळी झाली. दर पाच वर्षांनी एक नवी कंपनी! त्यातून केवढं संगीत, केवढी नाटकं मिळाली, त्याबद्दल मी या सगळ्यांपुढे हात जोडतो. पण दरवेळी दोघं-तिघं मालक झाले आणि बाकीचे पगारीच राहिले. गंधर्व मंडळी निघाली त्याच १९१३ साली न्यूयॉर्कच्या नटांनी ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही संघटना बांधली. इथल्यासारख्याच तिथेही तालमी आठवडेच्या आठवडे फुकट होत. १९१९च्या ऑगस्टमध्ये ते संपावर गेले, महिनाभर ब्रॉडवेची नाट्यगृहं बंद पडली आणि अखेर निर्मात्यांना संघटना मान्य करावी लागली. आठवड्याला आठ प्रयोगांच्या वर गेलं की जादा पैसे, हा करार त्यातून आला. त्या नटांमध्येही मोठी नावं होती. त्यांना कंपनी काढता आली नसती असं नाही.

मी एका मित्राबरोबर छोटं, चार पात्रांचं नाटक काढलं. अंदाजपत्रक करताना नेपथ्य, जाहिरात, तारखा हे सगळं आधी लिहिलं. तालमीच्या ओळीत लिहिलं, ‘चहा-नाश्ता’. सहा आठवडे चार नट रोज संध्याकाळी फुकट राबले. त्यातल्या एकानं विचारलं, ‘सर, निदान येण्याजाण्याचं काही?’ तेव्हा मी त्याला कागद दाखवला. तोच, एका बाजूचा. पाचशेच्या भिंतीचंही ऐकवलं. एकदा असं झालं, की सरकारी कार्यक्रमासाठी आमची तारीख ऐनवेळी काढून घेतली गेली. त्या दिवशी एका नटानं मालिकेचं चित्रीकरण सोडलं होतं. मी हळहळलो, फोनवर माफी मागितली, पैसे दिले नाहीत. निर्माता होऊन मला एवढंच कळलं की ‘परवडत नाही’ हे बहुतेक वेळा खरं असतं, आणि काय परवडत नाही ते यादीत आधी काय लिहिलं यावर ठरतं. नेपथ्यवाल्याला मी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालो नव्हतो.

ते नाटक बंद पडलं, मी पुन्हा नाइटवर आलो. सध्याच्या नाटकात पहिल्या वाचनानंतर आम्ही नट आणि बॅकस्टेजवाले एकत्र बसलो आणि प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं सांगितला. माझं पाचशेचं प्रकरणही मी तिथेच सांगितलं. जुन्या संचातला एक जण हजर होता, तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मग तिघं मिळून निर्मात्यांकडे गेलो, त्यातला एक नेपथ्य लावणारा. प्रयोग अठ्ठेचाळीस तासांच्या आत रद्द झाला तर निम्मी नाइट, हे मान्य झालं. रात्रीच्या प्रयोगानंतर बॅकस्टेजवाल्यांचा घरी जाण्याचा खर्च मान्य झाला. नाइट सगळ्यांची वाढली, पण थोडीच. आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं असं लिहून घेतलं. तालमीच्या पैशांना ठाम नकार मिळाला. दोघांनी त्यावरून नाटक सोडलं. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं, तरी मी थांबलो, कारण मुलीची फी जूनमध्ये भरायची होती.

तालमीचा प्रश्न एका नाटकापुरता सुटणार नाही, त्याला सगळ्या संचांतल्या नटांनी एकदम नाही म्हणावं लागेल. तोवर एक काम आपल्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या जागी कुणी बदली म्हणून येणार असेल, तर त्यानं विचारायची वाट पाहू नका. फोन करा आणि तुमची नाइट किती होती ते सांगा.