शेवटचं कडवं

चौदा एप्रिलला, बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या रात्री हदगावात आमच्या वस्तीवर गायनपार्टी बसायची. निळ्या झेंड्याच्या ओट्यापुढं सतरंजी, तिच्यावर पेटी, ढोलकी, बेंजो, आणि लिंबाला बांधलेला कर्णा. गाण्याच्या मध्येच कुणीतरी उठायचं, दहाची नोट द्यायचं, मग माईकवरून त्याचं नाव पुकारलं जायचं. दहा रुपयांत आपलं नाव अख्ख्या वस्तीला ऐकू जातं, याचं मला लहानपणी फार अप्रूप.

एका वर्षी एका गायकानं शेवटच्या कडव्यातलं कवीचं ‘वामन’ हे नाव काढलं आणि तिथं स्वतःचं नाव बसवलं. वामन म्हणजे चार मात्रा. ह्याचं नाव चांगलं लांबलचक. ते ओळीत मावेना, ढोलकीवाल्याचा हात अडखळला, झीलकरी एकमेकांकडं बघायला लागले. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोक्यावरचा पदर सावरत आवाज दिला, “वामनदादाचं हाय बे ते! नीट म्हन की.” लोक हसले, गायकही हसला. कडवं परत घेतलं, वामन जागेवर आला आणि सम बरोबर पडली. म्हातारीनं कनवटीची नोट काढून दिली. स्वतःचं नाव मात्र पुकारू दिलं नाही.

वामनदादा कर्डक मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म 15 ऑगस्ट 1922 चा. पोटासाठी मुंबईला गेले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. तिथं कुणीतरी एक पत्र वाचून दाखवायला पुढं केलं आणि ह्यांना अक्षरओळख नाही. ते रडले, असं सांगतात. मग बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं लावली. 1943 साली पहिलं गाणं लिहिलं आणि पुढं हजारो. खेड्यापाड्यांत जाऊन ती स्वतः गायली. पण घरोघरी पोचली ती जास्त करून दुसऱ्यांच्या गळ्यांतून. ज्याला तरुणपणापर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यानं गाण्यागाण्यात नाव गोंदून ठेवलं. एका संग्रहाचं नावही ‘हे गीत वामनाचे’. तुकोबांच्या अभंगाला असते तीच ही मुद्रा. मला तर सगळ्या कॉपीराइट कायद्यांपेक्षा ती भक्कम वाटते.

अशी मुद्रा नसली की काय होतं बघा. तिकडं अमेरिकेत ओटिस ब्लॅकवेल नावाचा एक काळा गीतकार होऊन गेला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. ऱ्हिदम अँड ब्लूज लिहायचा आणि गायचाही. 1956 साली त्याचं ‘डोन्ट बी क्रूल’ एल्विस प्रेसलीनं गायलं आणि जग डोलायला लागलं. पण तबकडीवर गीतकार म्हणून ब्लॅकवेलच्या शेजारी प्रेसलीचंही नाव छापलं गेलं. गाणं घ्यायचं तर वाटा द्यायचा, असा तिथला व्यवहार. आता तबकडीवरच्या बारीक अक्षरांतलं नाव वाचतो कोण? ब्लॅकवेलनं शेवटच्या ओळीत ‘ओटिस’ घातला असता तर प्रेसलीची काय पंचाईत झाली असती, हा विचार मला अधूनमधून गंमत देऊन जातो.

नावाची किंमत मराठवाड्याला वेगळी सांगावी लागत नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि विरोधात दलितांची घरं जाळली गेली. आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंचा जीव गेला. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधल्या वर्षांत मोर्च्यातून परतलेले लोक रात्री वामनदादांचीच गाणी ऐकत बसायचे.

वामनदादा 15 मे 2004 ला गेले. आता जयंतीला डीजे असतो. त्यालाही माझी ना नाही, पोरं नाचतात, नाचू द्या. फक्त डीजेच्या तुकड्यात मुखडा तेवढा फिरून फिरून वाजतो आणि शेवटचं कडवं येतच नाही.

मागं एका जुन्या गायकाची वही हाताळायला मिळाली. खताच्या पिशवीचं कव्हर, पानांना तेलाचे डाग, निळ्या बॉलपेननं उतरवलेली गाणी. मधली कडवी कुठं खाडाखोड केलेली, कुठं गाळलेली. ‘वामन’ मात्र दर वेळी लाल शाईत. अशी वही तुमच्या घरी कुणाच्या पेटीत पडून असेल तर ती रद्दीत घालू नका. आणि पुढच्या जयंतीला डीजेवाल्याला सांगा, गाणं शेवटपर्यंत वाजव.