पाऊण तासाची वात

दोन वाती आहेत. प्रत्येक वात पूर्ण जळायला बरोबर एक तास लागतो, पण जळण्याचा वेग सारखा नाही. पहिली वीतभर वात डोळ्याचं पातं लवेपर्यंत भुर्रकन जाईल आणि पुढची बोटभर वात अर्धा तास धुमसत बसेल. जवळ घड्याळ नाही. पट्टी आहे, पण तिचा उपयोग शून्य. एवढ्या सामानावर पाऊण तास मोजून दाखवायचा.

नोकरीच्या मुलाखतींत हे कोडं विचारून विचारून गुळगुळीत झालंय. आमच्या पारनेरकडच्या गावात भाच्याने ते ओट्यावर टाकलं, तेव्हा ऐकणाऱ्यांत तात्या होते. तात्यांची हयात विहिरींना सुरुंग लावण्यात गेली. भाच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "एकसारखी जळत नाय? मंग ती वात दुकानदाराला परत द्यायची."

हे उत्तर चुकीचं म्हणायची माझी तयारी नाही. आमच्याकडे वरची माती हातभर, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पाषाण. तिथे टिकाव-पहार हात टेकतात. भोकं पाडायची, जिलेटिनच्या कांडीत केप, म्हणजे बार उडवणारी टोपी, बसवायची, केपेत वात, वरून चिखल ठासायचा. वातीचं मोकळं टोक तिरपं कापायचं, म्हणजे आतली दारू उघडी पडते आणि विडीचा निखारा चटकन धरते. प्रत्येक वात थोडी कमी-जास्त लांब ठेवायची. कारण सगळे बार एकदम उडाले तर मोजायचे कसे? वर येऊन, लांब बसून, बार मोजायचे असतात. दहा लावले आणि नऊ वाजले, तर विहिरीत कुणी उतरायचं नाही. ही मोजणी तात्यांनी जन्मभर केली, आणि तिच्या मुळाशी एकच भरवसा होता: फूटभर वात जळायला साधारण अर्धा मिनिट लागणार, आजही आणि उद्याही.

हा भरवसा 1831 सालचा. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींत त्याआधी दारू भरलेल्या काडीने किंवा पिसाच्या नळीने बत्ती देत. ती कधी रेंगाळे, कधी झपकन पोचे, आणि माणसं जायची. विल्यम बिकफर्ड नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने दोर वळतात तशी तागाच्या सुतात दारूची बारीक धार वळून घेतली, आणि वात एका चालीने जळू लागली. म्हणजे कोड्यातली लहरी वात ही खरं तर बिकफर्डच्या आधीची आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्याखाली ठासलेल्या दारूला बत्ती द्यायचे ते दिवसही असेच, लहरी वातीचे. अकबराचा मुलगा मुराद किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. मोगलांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद खान शिराझीने आत बातमी पोचवली. चांदबिबीच्या माणसांनी आतून उलट खणत दोन सुरुंग निकामी केले. बाकीच्यांचं काम चालू असतानाच बत्ती दिली गेली आणि तटाला भगदाड पडलं. फेब्रुवारी 1596 ची ही गोष्ट. बुरखा पांघरून, तलवार उपसून भगदाडात उभी राहिलेली चांदबिबी आपल्याला पाठ असते. इतिहासकार फरिश्त्याने टिपलेली दुसरी बाब मात्र कुणी फारशी सांगत नाही: मोगलांनी लगेच हल्ला केला नाही. ते उरलेले सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबले. तेवढ्या उसंतीत किल्ला सावरला, आणि रातोरात भिंत पुन्हा उभी राहिली. तेही बारच मोजत होते म्हणायचे. फक्त त्यांची मोजणी संपली नाही.

आता उत्तर. हात आधी वात मधोमध दुमडायला जातो. ते सोडून द्यायचं. पहिली वात दोन्ही टोकांना पेटवायची आणि त्याच क्षणी दुसरीचं एक टोक. पहिलीतल्या दोन्ही आगी कुठे भेटतील ते कुणालाच सांगता येणार नाही. एका टोकापासून चार बोटांवरही भेटतील. पण भेटतील अर्ध्या तासानेच. वातीचा मध्य सापडत नाही, वेळेचा सापडतो. त्या क्षणी दुसऱ्या वातीत अर्ध्या तासाचं जळणं शिल्लक असतं. तिचं उरलेलं टोक पेटवलं की ते पंधरा मिनिटांत सरतं. तीस आणि पंधरा.

तात्यांनी मान हलवली, मग विचारलं, "दोन्हीकून पेटवली, तर केप कुठं लावायची?"

या प्रश्नाने मला कोडं पुन्हा नव्याने दिसलं. इथे आगीला कुठेच पोचायचं नाही. ती कशी जळेल यावर काडीचाही ताबा नसताना, एकूण किती जळेल एवढ्या एका आकड्यावर सगळा हिशेब उभा राहतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे परकं वाटू नये. आमच्या पावसाची वर्षाची सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण घाटघर-रतनवाडीकडे तो कोसळत राहतो आणि पाथर्डीत ढग नुसते तोंड दाखवून जातात, जून कोरडा आणि सप्टेंबरच्या दोन रात्रींत बांध फुटतात. सरासरीवरून पेरणी ठरवता येत नाही. कोड्याला मात्र तेवढा आकडा पुरतो.

वाती हव्या तेवढ्या दिल्या तर काय काय मोजता येईल? साठ मिनिटांच्या अलीकडे गर्दीच गर्दी: तीस, पंचेचाळीस, साडेबावन्न, सव्वाछप्पन्न, आणि पुढे साठाला खेटत खेटत अनंत थांबे. साठाच्या पलीकडे मात्र एकदम मोकळं रान. पुढची वेळ थेट साडेसदुसष्ट मिनिटांची. मधलं काहीही वातींनी मोजता येत नाही. भाच्याने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तात्या खूश झाले: "साडेसात मिन्टं? तेवढ्यात मानूस सात परस वर येऊन च्या पिऊन होतो."

दोन तासांनंतरची फट इतकी दिलदार नाही. ती एका तासाचा 1024 वा भाग, म्हणजे जेमतेम साडेतीन सेकंद. तीन तासांनंतरची तर आकड्यात लिहायला घेतली तर कागद पुरणार नाही इतकी बारीक. जेफ एरिक्सन, गॅब्रिएल निवाश आणि जुन्यान शू या तिघांनी 2020 साली या वातींच्या संख्यांवर निबंध लिहिला. कुठलाही पूर्ण तास घ्या, त्याच्यानंतर वातींनी मोजता येणारी सर्वांत जवळची अशी एक वेळ असतेच, हे विधान खरं आहे. पण पेआनो या गणितज्ञाने अंकगणिताचे जे नियम घालून दिले, जे बेरीज-गुणाकाराच्या नेहमीच्या व्यवहाराला सहज पुरतात, त्यांच्या आत राहून ते सगळ्या तासांसाठी सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. मुलाखतीत अर्थात पाऊण तासाच्या पुढे कुणी जात नाही.