पगार, चावी आणि आजीची बोली

एक तारखेला आपण ज्याची चातकासारखी वाट बघतो, तो 'पगार' मुळात मराठी नाहीच! पोर्तुगीज भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. इटालियन लोक त्यालाच 'पगारे' म्हणतात आणि इंग्रजीतला 'पे'सुद्धा याच घरातला. तिघांचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. सावकाराचे पैसे हातावर ठेवले की तो शांत होतो, त्यावरून अर्थ सरकत सरकत पैसे देण्यापर्यंत आला. पगाराच्या दिवशी घरात नांदणारी शांतता आठवा, लगेच पटेल :)

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतलं, वसई १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. त्या सहवासात बरंच काही आपल्या घरात आलं. बटाटा, चावी, पाव... सगळे पाहुणे. चावीची इटालियन बहीण 'क्यावे', पावाची 'पाने'. आणि गंमत म्हणजे इंग्रजी 'कंपनी'त हाच पाव दडलाय! कंपनी म्हणजे मुळात एकत्र बसून भाकरी खाणारी माणसं.

आपणही काही नुसतं घेतलं नाही हं. आपली शर्करा फारसी-अरबीच्या वाटेने इटलीत 'झुक्केरो' झाली आणि इंग्रजीत 'शुगर'. इंग्रजीतला 'माँगूज' तर चक्क मराठी मुंगूस.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आजी आठवत होती. आजी साक्रीची. धुळे-सुरत रस्त्यावरचं हे गाव, गुजरात तिथून जवळच. तिच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, गुजराती 'छे'शी नातं सांगणारा. मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर', मला म्हणजे 'माले'. साक्रीला तिची बडबड थांबायची नाही. पुण्याला आमच्याकडे आली, की पाहुण्यांसमोर मात्र अगदी गप्प. विचारलं तर म्हणायची, "मन्ही बोली गावठी शे."

आता बघा, सातासमुद्रापलीकडून आलेला पगार शुद्ध मराठी ठरला आणि इथल्याच मातीतला 'शे' अशुद्ध! कुठला शब्द कुठून आला यावर त्याचा मान ठरतच नाही. तो कोण बोलतं आणि ऐकणारे हसतात की नाही, यावर ठरतो. आजीला हे सांगायला हवं होतं. तिला ती पगाराची गोष्ट फार आवडली असती, पण आता ती नाही.

असो. मामा, मावशी आणि सगळी भावंडं, तिचे जे शब्द तुम्हाला आठवत असतील ते कळवा. अर्थ नीट आठवत नसला तरी चालेल. मी एक वही केली आहे, तिची पहिली तीन पानं भरली आहेत.